कुंकवाखालचा नंबर

“मग लावा परत कुंकू. रविवारी कोण खरवडून बघणार आहे?” आमोदचा आवाज चढला होता.

“वडिलांना लबाडी शिकवतोस?” श्यामलाबाई म्हणाल्या.

“शिकवत नाही, आई, वाचवतोय. जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचे परीक्षक आहेत ते.”

दिगंबरराव मान खाली घालून नखांतलं लाल काढत बसले होते.

पार्किंगमधली मॉरिस गाडी त्यांच्या वडिलांची, अण्णांची, चोपन्न सालची. दर दसऱ्याला अण्णा बॉनेट उघडून इंजिनाच्या नंबराच्या पट्टीला हळदकुंकू लावत. त्यांच्यामागे दिगंबररावांनी तो नेम चालवला. कुंकवावर तेल, तेलावर धूळ, त्यावर पुन्हा कुंकू. आकडे बुजून गेले, आणि पूजेची जागा खरवडायचं कुणाच्या मनात आलं नाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवताना “पुरावा कुठाय?” म्हणून पोरांना पिडणारा हा माणूस घरच्या गाडीला मात्र पुराव्यावाचून अस्सल म्हणत आला.

आज इंग्लंडहून कारखान्याच्या नोंदींचा दाखला आला. पेट्रोलचा बोळा घेऊन ते हौसेने खाली गेले. चासीचा नंबर जुळला. इंजिनाचा जुळला नाही. अण्णांनीच कधीतरी इंजिन बदललं असणार आणि सांगायचं राहिलं असणार.

तेवढंच असतं तर त्यांनी गिळलं असतं. पण मागे एका मेळाव्यात हडपसरच्या रणजितने आपल्या गाडीचा असाच दाखला आपणहून पुढे केला होता. “सर, इंजिन नंतरचं आहे, तसं लिहून घ्या,” म्हणाला होता. लिहून घ्यायचं सोडून दिगंबरराव माइकवर बोलले, “बाहेरून पैठणी, आतून गोणपाट. ही मार्केट यार्डात न्या, कांदे वाहायला.” लोक पोट धरून हसले. गाडीत मागे रणजितची आई बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. आपल्या लेकाचं कौतुकच चाललंय असं समजून तीही हसली. त्यानंतर रणजित मेळाव्याकडे फिरकला नव्हता.

“रणजित विसरलाही असेल, बाबा,” आमोद म्हणाला.

“तो विसरेल,” श्यामलाबाई म्हणाल्या. “सगळे का हसत होते, हे घरी गेल्यावर आईने त्याला विचारलंच असेल ना? काय सांगितलं असेल त्याने?”

दिगंबररावांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. हा विचार त्यांना कधी शिवलाच नव्हता. कालपर्यंत तो गोणपाटाचा विनोद ते आल्यागेल्याला रंगवून सांगत होते, आणि ऐकणारे हसले नाहीत तर पुन्हा सांगत होते.

“अहो, चहा टाकू का?”

“नको.” ते उठून उभे राहिले, पण बायकोकडे बघायचं त्यांनी टाळलं. “उद्या सकाळी मी हडपसरला जातोय. रणजितच्या आईची माफी मागायला. रविवारी परीक्षक म्हणून बसणार नाही. आपल्या गाडीचा दाखला त्याच माइकवर वाचून दाखवणार आहे. आमोद, तू यात पडायचं नाहीस.”