रुखवतातल्या राणीच्या बशा

वलगावात कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की बाप आधी भागीरथाबाईकडे यायचा, मग मंगल कार्यालय बघायला जायचा. कारण भागीरथाबाईकडे बशा होत्या. चिनी मातीच्या सहा बशा आणि एक झाकणाचं भांडं, सोनेरी काठ, मधे निळे मोर. तिचा नवरा चिखलदऱ्याला एका बंगल्यावर खानसामा होता. बंगला विकताना मालकाने त्या त्याला देऊन टाकल्या. कुठल्याशा राजकन्येच्या आंदणासाठी घडवलेल्या म्हणे. कुठल्या, ते मालकालाही ठाऊक नव्हतं. भागीरथाबाईने मात्र तिला पाहुणे बघून कधी इंदूरची केली, कधी बडोद्याची.

बशा रुखवतात कुरड्या-शेवयांशेजारी मांडायच्या आणि संध्याकाळी परत न्यायच्या. भाडं नाही. फक्त रुखवताजवळ बाईला खुर्ची द्यायची. विधवा म्हणून जिला हळदीला कुणी पुढे बोलवत नव्हतं, तिच्यासमोर वरमाया आ वासून राजकन्येची गोष्ट ऐकायच्या. त्या खुर्चीपायी बाई वाटेल तितक्या थापा मारायची.

हर्षाच्या लग्नात घोटाळा झाला. बार्शीटाकळीच्या इंदूबाईने, म्हणजे हर्षाच्या सासूने, गोष्ट ऐकली, डोळे पुसले आणि बशा सरळ टेम्पोत भरायला घेतल्या. तिचंही काय चुकलं? रुखवत सासरीच जातं. पण बशा उसन्या आहेत म्हणावं, तर भर मांडवात हर्षाच्या माहेरचं नाक कापलं जाणार. गप्प बसावं, तर बाईची खुर्ची जाणार.

बाई उठली. हर्षाने डोळेच मिटून घेतले.

"इंदूबाई, अश्या कोंबून काहून राह्यल्या?" भागीरथाबाई खेकसली. "राणीच्या बशा हायेत त्या! मधात एकेक लुगडं घाला."

पदर खोचून तिने स्वतःच बशा बांधून दिल्या. घरी येऊन मात्र ढसाढसा रडली, आणि रडता रडता इंदूबाईला ठेवणीतल्या शिव्या दिल्या.

महिन्याभराने शेजारचा सूर्यभान पत्रिका घेऊन आला. त्याला आपली मुलगी पौर्णिमा उजवायची होती.

"बशा नाई राह्यल्या आता माह्यापाशी," बाईने सांगून टाकलं.

"असं का? मंग राहू द्या," म्हणत सूर्यभानने पुढे केलेली पत्रिका हळूच मागे घेतली.

बाईने ती त्याच्या हातातून हिसकावली. "बशा गेल्या रे, मी नाई गेलो. येतो मी लग्नाले. अन् पौर्णिमेले पयली हळद मीच लावतो, सांगून ठेव घरी."