शर्टावरचा निळा डाग

कसालहून मालवणला जाताना काजूच्या बागेत पेंटबॉलचं मैदान लागतं. रंगाच्या गोळ्या झाडायच्या या खेळाची एके काळी काय हौस होती! सहलीच्या बसगाड्या पार रस्त्यावर उभ्या असायच्या. आता सगळे थेट समुद्रावर, स्कूबाला.

परवा मी थांबलो, तेव्हा मालक एकटाच बंदुका पुसत होता. साठीचा असेल. पांढराशुभ्र शर्ट.

"कितके जण?"

"एकटाच."

"एकट्यान खेळूक येना नाय." त्याने माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "चला, मी आसंय."

मास्क आणि जाकीट त्याने मला दिलं. स्वतः नुसता मास्क घातला. त्याचा झील, म्हणजे मुलगा, म्हणे रोज सांगतो, कोणी येत नाही, आडोशाचे टायर उचला आणि तिथेही काजू लावा. त्याच टायरांच्या आडून आम्ही दोघं खेळलो. माझी गोळी त्याच्या छातीवर फुटली.

"मेलंय!" तो बागभर ओरडला आणि हसत खाली बसला.

निघताना मी पाण्याची बाटली काढली. "लगेच धुतलं तर जाईल डाग."

त्याने शर्टावर हात धरला.

"रवांदे. झिलाक दिसांदे, आज कोणतरी इल्लो."