हसुकाकांचा खिमा पॅटिस

रविवारी सकाळी आमच्या मजल्यावर गजराची गरज नसायची. समोरच्या दारातून ठकठक सुरू झाली की समजायचं, हसुकाका खिमा करायला बसले. चिंचेच्या लाकडाचा जाड ठोकळा, दोन्ही हातांत एकेक सुरा आणि मांडी घालून बसलेला हा अवाढव्य माणूस. आयुष्यभर कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवून कान अधू झालेले, त्यामुळे आपल्या आवाजाचा त्यांना पत्ताच नसायचा. खालचे लोक वैतागून वर यायचे आणि बहुतेकदा हातात पॅटिस घेऊन परत जायचे. मी खांदा कॉलनीत राहायला आले तेव्हा पहिल्याच रविवारी तणतणत त्यांच्या दारात गेले होते. आठवडाभर शाळेत पोरांचा कालवा ऐकायचा आणि सुट्टीच्या दिवशी हे!

"मास्तरीणबाय, मशीनचा खिमा म्हंजे चिखल," सुरे न थांबवता ते म्हणाले. "दाताखाली दाना आला पायजे. बसा. खा आनि मंग भांडा."

मी बसले. भांडण राहूनच गेलं.

हा सगळा खटाटोप लिलाकाकींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी चालायचा. लग्न नवं असताना काका त्यांना गावाहून पनवेलला सिनेमा दाखवायला घेऊन आले होते. तेव्हा एसटी स्टँडबाहेर एक गाडीवाला खिमा पॅटिस विकायचा. वरून बटाट्याचं कवच, आत मसालेदार खिमा, रव्यात घोळवून खरपूस तळलेला आणि हिरव्या चटणीसकट पावात दाबलेला. काकींनी बाहेरचं खाल्लेलं ते पहिलंच. तो गाडीवाला पुढे कुठे गेला कुणालाच माहीत नाही, पण काका तेव्हापासून घरी त्या पॅटिसच्या मागे लागले होते. कधी जाड रवा, कधी अंड्यात बुडवून, कधी खिम्यात पुदिना, कधी पेटत्या कोळशाचा धूर देऊन. पहिला पॅटिस काकींच्या ताटात पडायचा. त्या तो मोडायच्या, फुंकर मारायच्या, सावकाश चावायच्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत.

"बरा झालाय," त्या म्हणायच्या. "पन तो नाय."

काका फुगायचे. "त्या गाडीवाल्यानं मोहिनी घातली व्हती का गो तुला?"

"तवा भूक लागलेली व्हती," काकी हसून म्हणायच्या. पुढच्या रविवारी पुन्हा ठकठक.

एकदा मी काकींना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, एकदा तरी खोटं बोला ना. म्हणा की तोच आहे. केवढा आनंद होईल त्यांना."

"मंग हे करायचंच बंद करतील," त्या म्हणाल्या. बाई दिसायला साधी होती, पण नवरा पुरता ओळखून होती.

मग काकींना पोटाचा कॅन्सर निघाला. औषधांनी आधी चव गेली, मग भूकच गेली. पेज पुढे केली तरी तोंड फिरवायच्या. ठोकळा ओट्याखाली सरकला आणि रविवार शांत झाले. इतके शांत की मला ते सहन होईनात. काका एरवी श्रावण पाळायचे ते नाइलाजाने, गटारीला पोटभर हादडून आणि महिनाभर कुरकुरत. त्या वर्षी मात्र त्यांनी आषाढातच सगळं सोडलं. ही अंथरुणावरून उठू दे, यंदाचा श्रावण कडक पाळीन, घरात अंडंसुद्धा येणार नाही, असं ते महादेवाला बोलले होते. सोमवारी शंकराच्या देवळात अनवाणी जायचे.

श्रावणातल्या एका सकाळी मी काकींजवळ बसले होते. काका पेजेची वाटी घेऊन आले. काकींनी वाटी बाजूला केली आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "आवो, मना पॅटिस खायाचा हाय."

एकाच वेळी इतका आनंदलेला आणि इतका घाबरलेला चेहरा मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली, ओट्याखालचा ठोकळा ओढला, पंच्याने पुसला. मग त्यावर हात ठेवून बसून राहिले. आणि ठोकळा परत आत सारला.

"गौरीला करतो," ते म्हणाले. "गौर आली का पयला तुझ्याच ताटात."

मी साताऱ्याची. आमच्याकडे गौरीला पुरणपोळी. यांच्या आगरी घरात गौरीला मटणाचा नैवेद्य असतो, हे पहिल्या वर्षी पाहून मी चाटच पडले होते. पण त्या दिवशी मला गौरीचं काही ऐकायचं नव्हतं.

"काका, आजारी माणसाला कसला आलाय श्रावण? त्या मागतायत तर द्या की."

"मी शब्द दिलाय, बाय. मी मोडला आनि हिला काय झालं तर?"

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून थोडा शिल्लक आहे. काकी काही रागावल्या नाहीत. "बरं. गौरीला," एवढंच म्हणाल्या. पुन्हा त्यांनी कधी काही मागितलं नाही. काका मात्र रोज विचारायचे, भूक हाय का, आज भूक हाय का.

गणपती आले त्या सकाळी काकी गेल्या. घरात सुतक, त्यामुळे काकांची मूर्ती कारखान्यातच राहिली. गौरीच्या दिवशी आमच्या जिन्यात घरोघरच्या मटणाचा वास भरला होता. काकांचं दार उघडं होतं. ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. मी चहा नेला, तो त्यांनी घेतला नाही.

"इतक्या दिसांनी तिला भूक लागली व्हती," ते म्हणाले. "आनि मी तिला तारीख दिली."

मी कप तसाच ठेवून घरी आले आणि मोरीत जाऊन रडले.

काकांनी स्वतः त्यानंतर मांसमच्छी तोंडाला लावली नाही. पुढचा श्रावण त्यांचा इथला शेवटचा. नंतर लेक त्यांना उरणला घेऊन गेली आणि तिकडेच ते वारले. पण मला काका म्हटलं की त्या श्रावणातला पहिला सोमवार आठवतो. सकाळीच समोरून ठकठक सुरू झाली. मजल्यावरच्या बायका बाहेर आल्या. एक दबकत म्हणाली, "काका, अहो आज श्रावणी सोमवार."

"म्हाईत हाय."

"महादेवाचा वार आहे हो."

"महादेवाशी मी बोलत नाय आता," काका म्हणाले आणि बटाट्याच्या पारीत खिमा भरत राहिले.

दुपारी ते ताट घेऊन दारोदार फिरले. काहींनी दार उघडलंच नाही. एकीने हात जोडून नको म्हटलं. माझ्या दारात आले तेव्हा ताट जवळजवळ भरलेलंच होतं. मी श्रावण पाळते. तरी एक पॅटिस उचलला आणि तिथेच उंबऱ्यात उभी राहून खाल्ला. वरून कुरकुरीत, आत पुदिना, दाताखाली खिम्याचा दाणा येत होता.

"कसा झालाय?"

"बरा झालाय, काका," मी मोठ्याने म्हटलं.

ते हलेनात. त्यातल्या त्यात बरा कान माझ्याकडे करून, ताट धरून तसेच उभे राहिले. पुढचं ऐकायला थांबलेत, हे माझ्या लक्षात आलं. काकींचे ते शब्द मला पाठ होते, पण तोंडातून निघेनात. तो गाडीवाल्याचा पॅटिस मी कधी खाल्लाच नव्हता.

मग त्यांनी मान हलवली, ताट घेऊन घरात गेले आणि दार लावून घेतलं.