मिश्रीने खाल्लेले दात

मी भांडखोर आहे. घरात, सोसायटीत, डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. पण त्या वेळी भांडले नसते तर आरशात स्वतःचं तोंड बघवलं नसतं.

उपनगरातल्या एका मेडिकल कॉलेजात मी हाडं तपासते. बाई की पुरुष, मरताना वय साधारण काय असेल, हे पोलिसांना सांगायचं काम माझं. मालाडच्या खाडीत, खारफुटीच्या चिखलात एक सांगाडा सापडला आणि आमच्या टेबलावर आला. बाईचा होता, त्यात वाद नव्हता. वाद झाला तो वयावरून.

बाहेरच्या बाकावर खारदांड्याची एक म्हातारी कोळीण येऊन बसायची. तिची तिशीच्या आतली मुलगी घरातून गेली ती परतलीच नव्हती. मागे एक लहान लेक. लेकीला टाकून कुणाचा तरी हात धरून पळाली, असं अख्खा खारदांडा बोलत होता. पोलीसही तेच धरून बसलेले. "माजी पोर पलाली नाय," एवढंच म्हातारी येईल-जाईल त्याला सांगायची. हाडांचं वय जुळलं तर तिचं रक्त डीएनएसाठी जाणार होतं. नाही जुळलं, तर फाइल बंद आणि पोर कायमची पळालेली.

आमच्या हेडनी जबडा उचलला, फिरवला, ठेवला. "साठीची आहे. पुढचे दात बघ ना, पार झिजलेत. लिहून टाक."

"सर, दाढा बघा. टोकं अजून शाबूत आहेत. साठ वर्षं जेवलेल्या बाईच्या दाढा अशा असतात होय?"

"मग पुढचे दात?"

"मिश्री, सर."

सरांना मिश्री ऐकूनच माहीत. भाजलेला तंबाखू बोटाने दातांवर घासणारं त्यांच्या घरात कुणी नव्हतं. आमच्या घाटकोपरच्या चाळीत मालवणकडच्या बायकांची सकाळच मिश्रीने व्हायची. माझ्या आईचे पुढचे दात चाळिशीतच असे बाहेरच्या अंगाने गुळगुळीत झाले होते. सरांना तशी आई नव्हती, त्याला मी काय करू?

ओटीपोटाच्या खाली, पुढे जिथे दोन हाडं समोरासमोर येतात, तो भाग मी त्यांच्या नाकासमोर धरला. तरुणपणी तिथे वळ्या असतात. वय वाढतं तशा त्या बुजतात, पुढे कडा झिजून खड्डे पडतात. इथे वळ्या अजून बोटाला लागत होत्या. कॉलर बोनचं आतलं टोक तिशीच्या आसपास पक्कं जुळतं, तेही इथे नुकतंच जुळत आलं होतं. "पंचवीस ते पस्तीस," मी म्हटलं. "साठ मी मेले तरी लिहिणार नाही."

"कोर्टात वाट लागेल तुझी."

"लागू दे ना. सही माझी, उभी मी राहीन."

नंतर कितीतरी दिवस सर माझ्याशी धड बोलले नाहीत. चहालाही कुणी हाक मारेना. गेले उडत! रिपोर्ट माझ्या सहीने गेला आणि म्हातारीचं रक्तही गेलं.

जुळलं.

ती कशी मेली ते हाडांवरून कळलं नाही, आणि मी उगाच ठोकून देणार नाही. पोलीस शोधतायत म्हणे.

हाडं न्यायला म्हातारी आली तेव्हा मला वाटलं, आता हंबरडा फोडेल. तिने गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, पोटाशी धरलं. हवालदार म्हणाला, "मावशी, गाडी आहे. सरळ स्मशानात नेऊ."

"गारी नको," ती म्हणाली. "आदी गावातून नेन. जी जी पलाली बोलली ना, तिच्या तिच्या दारावरून चालत नेन."

हवालदार माझ्याकडे बघायला लागला. "बघताय काय? नेऊ द्या," मी म्हटलं.

म्हातारीने गाठोडं डोक्यावर घेतलं. "आनी नातीला माज्या फुरं चालवीन. आयशीनं टाकली नवती तिला. कलू दे सगल्यांना."