तुना हात गरम शे

नाना गेल्याचं कार्ड जळगावला आलं तेव्हा माझ्या चष्म्याची एक काच फुटलेली होती. एका डोळ्याने वाचत मी घरभर ऐकू जाईल असं विचारलं, "नाना गेले म्हणे. या वयात कुठं गेले?" बायकोने कार्ड हातातून घेतलं, वाचलं आणि माझ्यासमोर बसायला पाट सरकवला... ज्यांनी मला डोळे तपासायला शिकवलं, त्यांच्या मरणाची बातमी मला धड वाचता आली नाही. याला आता महिना होत आला.

धुळ्याला नानांचा डोळ्यांचा दवाखाना होता आणि आम्ही चौघे त्यांचे विद्यार्थी. मानमोडीच्या तापाची साथ आली, गल्लीगल्लीतून तिरड्या निघू लागल्या, शाळा बंद पडल्या. नानांनी शिकवणं थांबवलं नाही. रीत तेवढी बदलली. रोग्याला ओट्यावर, वाऱ्याला बसवायचं. आपण पाठीमागे उभं राहून त्याचं डोकं छातीला टेकवायचं आणि वरूनच पापणी उलटायची, म्हणजे तोंडासमोर तोंड येत नाही. नाकातोंडावर उकळलेलं दुहेरी फडकं. डोळ्यावर वाकलं की एक अक्षर बोलायचं नाही. "दामू, तुझ्या तोंडाला फडकं पुरायचं नाही, गोणपाट लागेल," नाना मला म्हणायचे. आणि रोज सकाळी अंगणात एकेकाला विचारायचे, "अंग मोडतंय का रे?" हो म्हणेल त्याने घरी जायचं, रागावणं नाही. नाडी मात्र ते कधी बघत नसत. "रोग्याच्या डोळ्याला हात लावणाऱ्याचा शब्दच खरा पाहिजे."

दोन महिने मी खाटकाकडच्या बोकडाच्या पापण्यांवर हात बसवला. अखेर पाळी आली. पारोळ्याची एक म्हातारी अक्का. पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचत होते, ते चिमट्याने उपटायचे. नेमकी त्या दिवशी पहाटेपासून माझी हाडं ठणकत होती. नानांनी विचारलं आणि मी म्हणालो, "ठणठणीत, नाना!" नाही तर पाळी दुसऱ्याला गेली असती ना...

नाना आत औषध करत होते. चार केस निघाले. जीव गुदमरला म्हणून मी फडकं हनुवटीवर ओढलं. तेवढ्यात अक्का म्हणाली, "भाऊ, तुना हात तं भलता गरम शे रे!" मी वाकल्या वाकल्याच उत्तर दिलं, "आत्ताच भाकरी थापून आलो, अक्का!" अक्का खळखळून हसली. दुपारी मी दवाखान्याच्या पायरीवर कोसळलो.

पंधरा दिवसांनी उठून बसलो तोवर नाना स्वतः पारोळ्याला जाऊन आले होते. "अक्का कशी आहे?" मी विचारलं. "बरी आहे. तू भात खा," ते म्हणाले.

पुढे हा किस्सा मी किती पंगतींत सांगितला! अहिराणी हेल काढून, कपाळाला हात लावून. लोक हसून लोळायचे. नाना पंगतीत असले तर तेवढे उठून हात धुवायला जायचे. मला वाटायचं, म्हातारा ऐकून कंटाळला.

दहाव्याला धुळ्याला गेलो. घर फार गप्प होतं, म्हणून तोच किस्सा काढला. नानांचा मुलगा हसला नाही. "काका, ती अक्का त्याच आठवड्यात गेली. नाना पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. घरोघर साथ होती, कोणाची लागली कोण सांगणार... दामूला कळवू नका म्हणाले. कळलं तर तो पुन्हा डोळ्याला हात लावणार नाही."

मी आजही डोळेच तपासतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. नाना खोटं बोलले, मला काय कल्पना, हे दोनदा सांगितलं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आपली धुळ्याची मोटार पारोळ्याला पाव तास थांबते. मी दर खेपेला उतरून पाणी पिते. तुम्ही कधी उतरला नाहीत."