दुसरा खुस्रो

बाटलीतली गोटी अंगठ्यानं आत दाबायची, फुस्स झालं की बाटली गिऱ्हाइकापुढे सरकवायची आणि म्हणायचं, "इराणात खुस्रो नावाचे दोन मोठे राजे झाले. तिसरा मी. सोडा पी." आमच्या पारशी मालकांना, म्हणजे बावाजींना, कुणी नाव विचारलं की हे असं उत्तर मिळायचं. आडनाव मी सांगत नाही. ठाण्यातली जुनी माणसं ओळखतील, ओळखोत.

स्टेशन रोडला त्यांचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, खाली एक लांबट खोली, हातानं फिरवायच्या चाकाचं यंत्र, बाटल्या धुवायचा हौद, पुढे विक्रीचं टेबल. वर बिऱ्हाड. स्वातंत्र्य आलं त्या सुमारास मी मॅट्रिक होऊन टेबलाशी बसायला लागलो. माझे वडील, अण्णा, हौदाशी आधीपासून होतेच. पुढे दारूबंदी आली तेव्हा बावाजी भरलेल्या बाटल्यांकडे बघून म्हणाले, "आता लोक सोडा कशात घालणार? ताकात?"

पहिला खुस्रो म्हणजे नौशेरवान, न्यायी. त्याच्या महालाचा एक कोपरा वाकडा होता, कारण तिथे एका म्हातारीची झोपडी होती आणि म्हातारी हलायला तयार नव्हती. "राजा बोलला, राहू दे. महाल वाकडा तर वाकडा." ही गोष्ट ते कुणालाही सांगायचे, सोडा न घेणाऱ्यालासुद्धा.

दुसऱ्याची गोष्ट फक्त आम्हा कामगारांसाठी होती, आणि तीही दुपारी, गिऱ्हाईक नसताना. हा खुस्रो परवेझ. त्याच्या बापाला परवेझच्या दोन सख्ख्या मामांनी तख्तावरून ओढलं, डोळे फोडले, मग मारलं आणि भाच्याला गादीवर बसवलं. पोरगं आपल्या मुठीत राहील असा हिशेब.

"मग परवेझनी काय केला? मामाला मामा बोलत राहिला. वेळ आला तेव्हा दोघांना संपवला."

हे सांगताना त्यांची नजर जिन्याकडे जायची. वर त्यांचे मामाजी राहत.

बावाजींच्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा याच मामाजींनी "तुम्ही आराम करा" म्हणत कारखाना ताब्यात घेतला आणि मेहुण्याची रवानगी कल्याणच्या एका खोलीत केली. तिथेच ते गेले. मामाजींना मूलबाळ नव्हतं. मग त्यांनी भाच्याला आणून खुर्चीवर बसवलं.

माझंही एक येणं त्या जिन्याच्या वर बाकी होतं. भरताना सोड्याची बाटली कधीकधी फुटते. कामगारांच्या तोंडावर बांधायला तारेच्या जाळ्या मिळत, पण मामाजींनी त्या कधी आणल्या नाहीत. एकदा फुटलेली काच अण्णांच्या डाव्या डोळ्यात गेली. मामाजी खाली आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाटली धुवायला एक डोळा पुरे." अण्णा डोळ्याला फडकं बांधून पुन्हा हौदाशी बसले. मी मात्र ते वाक्य रोज जेवणासारखं खाल्लं.

कारभार हातात आल्यावर बावाजींनी पहिलं काम केलं ते जाळ्या आणण्याचं. त्या बांधून आमचे कामगार मध काढायला निघाल्यासारखे दिसायचे. अण्णांची जाळी बावाजींनी स्वतः बांधली. गाठ मारताना म्हणाले, "उशीर झाला, अण्णा." त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो.

मग मामाजींनी अंथरूण धरलं.

पारशांच्या वर्षाचे शेवटचे दहा दिवस मुक्तादाचे. या दिवसांत घरातल्या प्रत्येक मृताच्या नावानं अग्यारीत एक चांदीची फुलदाणी मांडतात, तीत ताजी फुलं ठेवतात. मृतांचे आत्मे तेव्हा घरच्यांना भेटायला येतात. ज्याची फुलदाणी नाही, तो येऊन उभा राहणार कुठे? मामाजींना मरणाची भीती नव्हती, असं उभं राहायला जागा नसण्याची होती. त्यांच्यामागे फुलदाणी मांडणारा हा एकच भाचा.

बावाजी संध्याकाळी वर जात, रासबेरीची बाटली स्वतः उघडून देत. म्हातारा विचारायचा, "खुस्रो, माझी मांडशील ने?"

"बघू, मामाजी."

बस. आवाज चढवणं नाही, नकार नाही. दोन पावसाळे हे चाललं. मी बाटल्या उचलायला वर असायचो आणि तो "बघू" ऐकून जिना उतरताना मला शीळ घालावीशी वाटायची.

दुसऱ्या वर्षी मुक्ताद सुरू होता. दुपारी मामाजींनी मला वर बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता. त्यांनी माझा हात धरला. "त्याला जाऊन विचार. हो की ना, एक शब्द आण."

मी खाली आलो आणि सांगितलं. बावाजी यंत्राचं चाक फिरवत होते. चाक थांबलं. 

"माझा बाप असता तर काय बोलला असता, डिकरा?"

"मला काय ठाऊक, बावाजी."

"बोलला असता, राहू दे." त्यांनी डोळे पुसले. "जा, सांग. मांडते म्हणावं. बापाच्या बाजूलाच मांडते. मी वर आलो तर रडेल साला, आणि मी पण रडेल. तूच सांग."

मी वर गेलो. म्हातारा माझ्या तोंडाकडे दोन्ही डोळ्यांनी बघत होता. दोन्ही. मी म्हणालो, "ते म्हणाले, बघू."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी बावाजी रासबेरी घेऊन वर गेले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

"ऐकून काय बोलला?" बावाजींनी मला विचारलं.

"हसले," मी सांगितलं.

बावाजींनी शब्द पाळला. दर मुक्तादाला दोन फुलदाण्या, एक वडिलांची, एक मामाजींची. परधर्मीयाला अग्यारीत जाता येत नाही, म्हणून फुलं आणून फाटकाशी देण्याचं काम माझं. देवळाबाहेरच्या माळणीकडून मी दोन पुडे घ्यायचो. वडिलांसाठी टपोरे गुलाब. मामाजींसाठी आदल्या दिवशीचे, पाकळ्या काळवंडलेले. कुठला पुडा कुणाचा ते देताना सांगायचो. माळीण म्हणायची, "दादा, हे कशाला न्येताव? टाकायचं हायेत." मी म्हणायचो, टाकायलाच नेतोय.

पुढे बावाजी कारखाना मोडून नवसारीला बहिणीकडे गेले आणि तिकडेच वारले. जाण्याआधीच्या त्यांच्या शेवटच्या मुक्तादात मी असाच फाटकाशी उभा होतो. त्यांनी दोन्ही पुडे उघडले, गुलाब हुंगले आणि माझ्यादेखत पुड्यांची अदलाबदल केली. चांगला पुडा मामाजींकडे.

"असं का, बावाजी?"

"दर वर्षी करते. एक पुडा नेहमी शिळा येते, तुझी माळीण तुला फसवते. मामा तिकडे नवीन आहे, त्याला वाईट वाटेल. बाप माझा रागवत नाही."

म्हणजे इतकी वर्षं मी त्या कल्याणच्या खोलीत मेलेल्या माणसाला कुजकी फुलं पाठवत होतो.

तेव्हा सगळं सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. म्हणालो एवढंच, "उद्या दोन्ही ताजी आणतो."

आणली. म्हाताऱ्याबद्दल मला तेव्हाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याच्यासाठी गुलाब निवडताना हात जड झाले होते, ते रागानं. पण फाटकातून आत जाणाऱ्या बावाजींची ती पांढऱ्या डगल्यातली पाठ, दोन्ही हातांत दोन सारखे पुडे, जिना चढणाऱ्या माणसासारखी सावकाश, तिच्याकडे मला बघवलं नाही.