पिवळ्या गोळीची पूड

पांढरकवड्यात उत्तमसिंग कंपाउंडरच्या हातची पुडी नावाजलेली होती. दवाखान्याच्या खिडकीत बसून तो खलात गोळ्या कुटायचा, कागदी पुड्या बांधायचा आणि डॉक्टरांपेक्षा दोन सल्ले जास्तच द्यायचा. दहावी झालेला गडी, अर्ध्या हळकुंडानं पिवळा. पण ती दहावी केली होती थोरल्या बहिणीच्या जिवावर. विधवा गंगीनं लोकांच्या शेतात कापूस वेचून त्याला वाढवलं होतं.

त्या वर्षी वेचणीत गंगीला सारखा ताप यायचा आणि गोळी घेतली की अंगभर गांधी उठायच्या. कापसाची ती वाईट वर्षं, फवारणीच्या विषानं माणसं दगावायची. अंग खाजलं की जो तो फवारणीला दोष द्यायचा. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गंगी मात्र भावाला म्हणाली, "मले पिवळ्या गोळीनंच होते. पांढरी दे."

"रंगानं का होते बाई? औषध दोन्हीत एकच हाये."

पांढऱ्या संपल्या होत्या. त्यानं पिवळी कुटली, गुळात कालवली आणि पांढरीच आहे म्हणून तिच्या हातावर ठेवली.

तासाभरात तिचे डोळे, ओठ सुजले, श्वास अडकला. इंजेक्शनं देऊन डॉक्टरांनी वाचवली. काय दिलं होतं, हे उत्तमसिंगला तिच्यासमोरच सांगावं लागलं. एखाद्याला औषधाचं नाही, गोळीतल्या रंगाचं वावडं असतं, डॉक्टर म्हणाले. गंगीनं शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. तिनं भिंतीकडे कूस वळवली.

पुढच्या पावसाळ्यात तिला हिवताप झाला. उत्तमसिंग पांढऱ्या गोळ्या घेऊन तांड्यावर गेला. पाकीट दाखवलं, आईची शपथ घेतली. जेवल्यावर घेईन म्हणून तिनं ठेवून घेतल्या. पाचव्या दिवशी ती गेली. अंघोळ घालताना बायकांना तिच्या ओढणीच्या गाठीत गोळ्या सापडल्या. एकही कमी नव्हती.

तिला कोणी मारलं, असं त्याला कोणी विचारत नाही. तेच त्याला खात राहतं.

खल त्यानं कधीच अडगळीत टाकला. आता गोळी अख्खी देतो, रंग दाखवून देतो. पण एखादी बाई गोळ्या पदराला बांधू लागली की तो तिला थांबवतो. मागे रांग कुरकुरते, तरी तो पाण्याचा पेला पुढे करतो.

"अथीच घे बाई," तो म्हणतो. "माह्यासमोर घे."